गाठोड्यातलं गाठोडं

बोर्ली पंचतनच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानावर हमदुल्लाचाचांचं कार्गोचं ऑफिस आहे. जिना असा अरुंद की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याला आधी हाक मारावी लागते. वरच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे अतिया हुर्जूक. ही मुलगी करते काय, असं कुणी विचारलं की तिची अम्मी सांगते, "कंप्युटरवर बसते." स्थळं घेऊन येणाऱ्या बायकांना एवढं उत्तर पुरतं. त्यापुढे विचारणारी अजून कुणी भेटलेली नाही, आणि भेटलीच तर अम्मीची पंचाईत होईल, कारण त्यापुढचं अम्मीलाही ठाऊक नाही.

आपल्याला मात्र थोडं पुढचं जाणून घ्यावं लागेल. त्याशिवाय भानगड कळायची नाही.

मस्कतला, कुवेतला कामाला गेलेला आपल्याकडचा माणूस सुट्टीवर यायचा तेव्हा येतो, त्याचं सामान त्याच्या आधी येतं. पुठ्ठ्याचं हे थोरलं कार्टन. ते जहाजानं न्हावा शेव्याला उतरतं, तिथून चाचांच्या गोदामात जातं, गोदामात उघडून आतलं सामान गाववार लावतात आणि मग ते टेम्पोनं खाली म्हसळा-श्रीवर्धनकडे येतं. आता कार्टन एकाच्या नावावर असलं तरी सामान एकाचं नसतं. एका खोलीत राहणारी पोरं मिळून ते भरतात. प्रत्येक घराचं एकेक गाठोडं, चादरीत नाहीतर टॉवेलात बांधलेलं. इथवर सगळं सरळ आहे. पण कोकणातला माणूस सरळ काम करील तर शपथ. त्या गाठोड्याच्या पोटातही दुसऱ्या कुणाचं तरी गाठोडं असतं. कुणाची आई शेजारीच राहते, मग वेगळं बांधायचं कशाला, असं म्हणून. कुणाचं सामान इवलंसं, त्याला स्वतंत्र चादर शोभत नाही म्हणून.

या आतल्या गाठोड्याला अमानत म्हणतात. मोहल्ल्यातली माणसं म्हणतात आणि कोळीवाड्यातलीही तोच शब्द वापरतात. खजूर चेपले, साबणाची वडी फुटली तर चालतं. अमानत राहिली तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

पूर्वी हे सगळं मार्करवर चालायचं. चादरीवर जाड अक्षरात कुणीतरी लिहायचं, "शारिकच्या घरी. आत दादूच्या आईचं." घरातली बाई गाठ सोडायची, वाचायची आणि पहिल्यांदा दुसऱ्याचं दुसऱ्याला नेऊन द्यायची, मग आपलं उघडायची. पावसात अक्षरं पुसली जायची, कधी गावाचं नाव जायचं, भांडणं व्हायची. चाचांचं अर्धं आयुष्य ती मिटवण्यात गेलं.

अतियाचे अब्बा मस्कतला ड्रायव्हर होते. पाठीचं दुखणं घेऊन परत आले आणि घरामागच्या सुपारीच्या वाडीत रमले. लेकीनं श्रीवर्धनला कॉलेज केलं, कंप्युटर शिकली आणि न्हावा शेव्याच्या बाजूला एका माल वाहतुकीच्या कंपनीत उमेदवारी करायला गेली. तिथं तिला निकेत भेटला. निकेत उरणकडचा आगरी, आजोबांपर्यंत मिठागरावर राबलेलं घर, आता घरात ट्रेलर आणि निकेतच्या हातात कोड. तो शिकवायचा कमी आणि चिडवायचा जास्त, पण त्याच्या चिडवण्यातून अतिया जे शिकली ते कॉलेजात तीन वर्षं बाकावर बसून शिकली नव्हती. पुढे चाचांनी निरोप धाडला: मस्कतच्या ऑफिसनं अ‍ॅप काढलंय, इकडचं सांभाळायला कोण आहे? अतिया गावी परतली. गावात राहून, अम्मीच्या हातचं जेवून, डोक्याचं काम करायला मिळतंय याबद्दल ती रोज जिना चढताना अल्लाचे आभार मानायची. यात अतिशयोक्ती नाही, जिना तेवढा लांब आहेच.

मस्कतच्या अ‍ॅपमध्ये पोरं सामान भरायची आणि ते अतियाच्या सर्व्हरकडे यायचं. ज्या रूपात यायचं त्याला जेसन म्हणतात. घाबरायचं कारण नाही, तेही एक बांधलेलं सामानच. महिरपी कंसात कार्टन, त्याच्या पोटात चौकोनी कंसात गाठोड्यांची रांग, रांगेतल्या प्रत्येक गाठोड्याला पुन्हा स्वतःचा कंस: कुणाचं, कुठल्या गावचं, आत काय. अतियानं एक साचा लिहून ठेवला होता, येणारं सामान असं असं दिसेल म्हणून. साच्यात बसलं की सर्व्हर ते ठेवून घ्यायचा, पाठवणाऱ्याला "मिळालं" असं उत्तर द्यायचा, गोदामात त्यावरून लेबलं छापली जायची. पाठवणाऱ्याच्या फोनवर हिरवी खूण उमटायची.

लेबलं इतकी देखणी निघाली की अतियाला जरा चढलीच. तिनं मस्कतला कळवलं, "यापुढे कपड्यावर हातानं काही लिहायचं नाही. जे आहे ते अ‍ॅपमध्ये भरा." चाचांनी वर दम भरला, "मार्कर दिसला तर सामान घेणार न्हाय."

पोरांनी ऐकलं. फक्त त्यांनी मस्कतच्या ऑफिसला सांगून अ‍ॅपमध्ये एक बटण वाढवून घेतलं: गाठोड्याच्या आत गाठोडं. साहजिकच होतं, मार्कर गेला तर अमानत लिहायची कुठं? मस्कतहून अतियाला कळवलंही गेलं. तिनं एक नमुन्याचं सामान पाठवून पाहिलं, सर्व्हर म्हणाला "मिळालं", आणि तिनं विश्वास ठेवला. आपलंच पोर, ते आपल्याशी कशाला खोटं बोलेल, असं प्रत्येक आईला वाटतं.

दिवाळी उलटून हवेत गारवा आला होता. रुबिना जिना चढून वर आली ती धापा टाकतच. रुबिना म्हणजे शारिकची बायको. शारिक मस्कतला, इथं घरात सासू आणि दोन मुलं. आवाज चढवून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवशी तिनं टेबलावर प्लास्टिकचं एक रिकामं पाकीट आपटलं.

"वाच गो, काय लिवलंय यावर?"

अतियानं वाचलं. रुबिनाचं नाव, गाव, मोहल्ला. स्वच्छ छापील.

"तूच छापलंस न्हवं?"

"व्हय, भाभी. का?"

"मग मी चोर कशी?" एवढं बोलून रुबिना खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटलं.

हळूहळू कळलं ते असं. शारिकच्या गाठोड्यात यंदा सासूला औषधी तेल, मुलांना बूट, खजूर, दूध पावडर, सगळं नेहमीचं आलं. आणि एक वेगळं पुडकं. त्यात डाळिंबी रंगाची मऊ शाल. पुडक्यावर रुबिनाचं नाव. लग्न झाल्यापासून शारिकनं घराला काय नाही पाठवलं? पण हे घे, हे तुझं, असं म्हणून बायकोच्या नावानं कधी काही आलं नव्हतं. ती फोनवर म्हणाली, "शाल आवडली हां." शारिक क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरं." नवऱ्याच्या "बरं"मधून काय काढायचं ते बायकोच्या हाती असतं. रुबिनानं त्यातून पुष्कळ काढलं. म्हसळ्याला चुलतबहिणीच्या निकाहाला ती शाल खांद्यावर टाकून गेली. आणि आज सकाळी तशीच बाजारात आली, तर मासळीच्या ओळीत वेणूबाई उभ्या राहिल्या.

वेणूबाई म्हणजे दादूची आई. दादू मस्कतला एसी दुरुस्त करतो, शारिकच्याच खोलीत राहतो. दोघांची घरं इथं पाठीला पाठ लावून आहेत. वेणूबाईंच्या पाटीतली पहिली बोंबलाची जुडी रुबिनाच्या घरी जायची आणि रुबिनाच्या घरची ईदची खीर पहिल्यांदा वेणूबाईंच्या ओट्यावर. अशा बाईनं भर बाजारात, दहा गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, "कुनाच्या आईची शाल कुनाच्या खांद्यावर गो ही?"

रुबिना डोळे पुसत होती तेवढ्यात जिन्यावरून हाक आली. हाक कसली, आरोळी. वेणूबाई वर आल्या, रुबिनाला पाहून उंबऱ्यातच थबकल्या, मग तिच्याकडे पाठ करून अतियासमोर फोन धरला.

"माजा दादू म्हनतो, डाळिंबी शाल घातली आत, तुज्या त्या यंत्रात लिवली. हिरवी खून आली. ही बघ. खून तुजीच हाय का न्हाय?"

खूण अतियाचीच होती.

एका टेबलाच्या अल्याड-पल्याड दोन बायका, दोघींच्या हातात पुरावा, आणि दोन्ही पुरावे एकाच मुलीनं दिलेले. "मी बघते, मावशी. भाभी, मी बघते," एवढंच ती म्हणू शकली. दोघी जिना उतरून गेल्या, एकीच्या मागून दुसरी, मध्ये बरंच अंतर ठेवून. अतियाला ते अंतर खिडकीतून दिसत होतं.

तिनं निकेतला फोन लावला. निकेतनं ऐकून घेतलं, त्या दिवशी चिडवलं नाही.

"टेन्शन नको घेऊ. एक कार्टन पाठव, आत एक गाठोडं, त्याच्या आत दुसरं. आतल्याचं नाव काहीही टाक. उत्तर काय येतं ते नको बघू, ठेवलं काय ते बघ."

तिनं पाठवलं. सर्व्हर म्हणाला, "मिळालं." मग तिनं ठेवलेलं उघडून पाहिलं. कार्टन होतं. गाठोडं होतं. आतलं गाठोडं नव्हतं.

"दिसला काय?" निकेत म्हणाला. "तुझ्या साच्यात गाठोड्याला नाव, गाव, वस्तू एवढंच हाय. साच्यात जागाच न्हाय त्याचं तो काय करतो? फेकून देतो. बोलत पण न्हाय. मी पण पहिल्या वर्षी असाच ट्रेलरवरचा दुसरा कंटेनर उडवला होता, आमच्या बाबांचाच."

अळीमिळी गुपचिळी. दादूनं आईचं नाव लिहिलं, मस्कतहून ते निघालं, समुद्र न ओलांडताच क्षणात बोर्लीला पोचलं आणि अतियाच्या दारात कुणी न बघता गळून पडलं. वर दार म्हणालं, मिळालं. मग गोदामात आतलं पुडकं बिननावाचं दिसलं, तेव्हा तिथल्या माणसानं शहाणपणा केला आणि बाहेरच्या गाठोड्याचंच लेबल त्यावरही डकवलं. शारिकच्या गाठोड्यावर घ्यायला म्हणून नाव होतं रुबिनाचं.

अतियाला चुकीपेक्षा त्या "मिळालं"चा त्रास जास्त झाला. नाही समजलं असं सर्व्हर म्हणाला असता तर दादूनं मार्कर शोधला असता. अमानत हातात घेतली नाही आणि घेतल्याची पावती मात्र दिली, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि आतल्या खोलीत चाचांकडे गेली.

हमदुल्लाचाचा चहात पाव बुडवत होते. अतियानं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "चाचा, चुकी माझी. मला काढलंत तरी मी काय बोलणार न्हाय."

चाचांनी पाव संपवला. ते घाईनं कधी काही करत नाहीत, रागावतसुद्धा नाहीत.

"मार्कर बंद कर म्हणून बोंब कोनी मारली?"

"मी सांगितलं, तुम्ही..."

"मी मारली. मग अर्धी चुकी माझी. तुला काढली तर मला पण काढायला लागंल, मग या खुर्चीत बसंल कोन? भांडीवाला?" त्यांनी बशी बाजूला सारली. "मी पोरगा व्हतो तवा अमानत डोक्यावरनं घेऊन गावोगाव फिरलोय. एकदा एकाचं घड्याळ दुसऱ्याला दिलं. अब्बा म्हनाले, दोघांच्या घरी स्वतः जा, पायांनी. फोन करू नको. तू पन तसंच कर. आधी जिच्याकडनं न्यायचंय तिच्याकडं."

अतियाला रडायलाच आलं. आपल्याला ओरडा मिळेल याची तयारी करून माणूस जातो आणि समोरचा आपली अर्धी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतो, तेव्हा ती तयारी फुकट जाते. ती नुसतीच "जी, चाचा" म्हणाली.

रुबिनाच्या घरी सासू झोपली होती. अतियानं ओटीवर बसून हळू आवाजात सांगितलं. शाल दादूनं त्याच्या आईला पाठवली होती. लेबल चुकीचं होतं. चूक माझी. शारिकभाय त्या दिवशी फोनवर का गप्प राहिले तेही आता कळण्यासारखं होतं. ते अतियानं उच्चारलं नाही, उच्चारायची गरजही नव्हती.

रुबिना ऐकून उठली. मग आत गेली, शाल घेऊन आली, मांडीवर घेऊन घडी घालू लागली. घडी झाली, ती मोडून पुन्हा घातली.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "त्यांना रंग कुठं कळतात? पन लेबल वाचलं न, तुझं छापलेलं, तर म्हटलं खरं असंल." मग अतियाचा चेहरा बघून तिनंच तिचा हात धरला. "तू कशाला रडतस गो? चार दिवस मी लई खूश व्हते. तेवढं तरी झालं."

यापेक्षा रुबिनानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर अतियाला बरं वाटलं असतं.

दोघी मिळून मागच्या दारानं वेणूबाईंकडे गेल्या. वेणूबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अतिया बोलत गेली तशी त्यांचा हात मंद होत गेला आणि थांबला. रुबिनानं शाल पुढे केली. वेणूबाईंनी हात पदराला पुसले, दोन्ही हातांनी ती घेतली, नाकाशी धरली.

"अत्तराचा वास येतो," त्या म्हणाल्या.

"मी वापरली, मावशी. धुवून देते."

"नको. राहू दे." मग त्यांची जीभ अतियाकडे वळली आणि पुढचा बराच वेळ तिकडेच राहिली. शिकलेल्या पोरींना काय काय येत नाही याची त्यांनी उजळणी केली. अतियानं खाली मान घालून सगळं ऐकलं. एकही शब्द अन्यायाचा वाटला नाही तिला. दम संपल्यावर वेणूबाई रुबिनाकडे न बघता म्हणाल्या, "मी तुला चार मान्सांत बोलले. चार मान्सांतच मागं घीन. घरात मागितलेल्या माफीला काय अर्थ न्हाय."

आणि त्या बोलल्या तशा वागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार ऐन भरात असताना डाळिंबी शाल खांद्यावर टाकून त्या पाटीमागे उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ऐका गो बायांनो! ही शाल माज्या दादूची. रुबिनाचा यात काय बी दोस न्हाय. ती लाख मोलाची बाय हाय. चुकी मशीनची!" भाजीवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. अतिया त्याच वेळी जिन्याकडे चालली होती. गप्प पुढे गेली असती तरी कुणी अडवलं नसतं. पण ती थांबली.

"मशीनची न्हाय, मावशी," ती मोठ्यानं म्हणाली. "माझी."

"ऐका, हिची!" वेणूबाईंनी लगेच दुरुस्ती केली. बाजार हसला. अतियाही हसली, आणि कित्येक तासांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. कोळणीचं तोंड वाईट असतं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथं असायला हवं होतं.

मग काम सुरू झालं. साचा दुरुस्त करणं त्यातलं सोपं. अतियानं गाठोड्याच्या साच्यात आणखी एक जागा केली: आतली गाठोडी, आणि त्यांचा साचा हाच. म्हणजे गाठोडं उघडावं, आत गाठोडं असेल तर तेही त्याच रीतीनं उघडावं, त्याच्याही आत असेल तर तेही, आणि आत काही उरलं नाही की बाहेर यावं. सर्वांत आतल्याचं लेबलही त्याच्या स्वतःच्या नावानं. निकेतनं फोनवरून विचारलं, "आणि कोणी शंभर एकात एक पाठवली तर? तुझा सर्व्हर झोपंल." किती खोलवर परवानगी द्यावी म्हणून अतियानं चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, "चारच्या पुढं जाऊ नको. पाचव्या गाठोड्यात काय ठेवनार, वेलची?" तेवढी मर्यादा तिनं घातली.

शेवटची दुरुस्ती तिनं निकेतला न विचारता केली. साच्यात न बसणारं काहीही आलं तर सर्व्हरनं ते टाकायचं नाही आणि "मिळालं"ही म्हणायचं नाही. सरळ उत्तर द्यायचं: हे मला समजलं नाही, कळवा. मस्कतचे ऑफिसवाले कुरकुरले, पोरांना लाल खूण दिसते म्हणून. अतिया ऐकेना. लाल दिसू दे, ती म्हणाली, खोटी हिरवी नको.

अवघड काम दुसरंच होतं. गळून पडलेलं सर्व्हरकडे राहिलंच नव्हतं, त्यामुळे त्या खेपेला आतलं गाठोडं कुणी कुणी घातलं होतं ते प्रत्येकाला विचारूनच कळणार होतं. अतिया रोज संध्याकाळी, मस्कतची पोरं कामावरून खोलीवर परतली की एकेकाला फोन लावायची. प्रत्येक फोनची सुरुवात एकच: "चूक माझ्याकडून झालीय." शिव्या ऐकाव्या लागतील असं तिनं धरलं होतं. एकदोघांनी दिल्याही. पण बाकीच्यांनी उलट विचारलं, अब्बांची पाठ कशी आहे, सुपारी यंदा कशी आहे, पाऊस कधी थांबला. एकानं सांगितलं, त्याच्या बहिणीसाठी घातलेली केसांची पिन दिवेआगरच्या एका आजोबांना मिळाली, आणि त्यांनी ती गेले पंधरा दिवस फाइलीला लावली आहे. हळूहळू एकेक अमानत ज्याच्या त्याच्या घरी गेली. माणसांनी ती स्वतःच नेऊन दिली, कुणी सायकलवरून, कुणी एसटीतून. आपण बिघडवलेलं अख्ख्या तालुक्यानं मिळून नीट केलं, असं अतियाला वाटायचं, आणि झोपण्याआधी दुआ मागताना नावांची रांग लांबत जायची.

रुबिनाचं मात्र तिला विसरता येत नव्हतं. भाभी पूर्वीसारखीच हसायची, बोलायची. खीर ओट्यावर गेली, बोंबील घरी आले. पण सामानाचा विषय निघाला की ती उठून चुलीकडे जायची. जे तिच्या नावानं कधी आलंच नव्हतं ते देऊन अतियानं परत नेलं होतं, आणि त्याची दुरुस्ती कुठल्याही साच्यात नव्हती.

पुढच्या खेपेचं सामान अ‍ॅपमध्ये भरलं जाऊ लागलं. यावेळी कार्टन दादूच्या नावावर होतं. अतिया येणारं प्रत्येक गाठोडं डोळ्यांखालून घालत होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दादूच्या कार्टनात शारिकच्या घरचं गाठोडं होतं: तेल, बूट, खजूर. वेणूबाईंचं गाठोडं होतं. आणि वेणूबाईंच्या गाठोड्याच्या आत आणखी एक.

कुणाचं: रुबिना. पाठवणारा: शारिक. काय: चपला, लेडीज. सूचना: मावशींनी स्वतः हातात द्याव्या.

अतियाला आधी कळेना. नवऱ्यानं बायकोला पाठवायचं तर स्वतःच्या घरच्या गाठोड्यात का नाही, शेजारणीच्या का? आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घरचं गाठोडं सासूसमोर उघडतं. लाजरा शारिक आईदेखत बायकोला काही पाठवायचा नाही. दादूनं खोलीवर शालीची सगळी हकिगत त्याला सांगितली असणार, आणि त्या "बरं"चं ओझं शारिकलाही झालं असणार. ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि बराच वेळ त्या चार ओळींकडे बघत राहिली. महिन्यापूर्वी तिच्या सर्व्हरनं या ओळी न वाचताच फेकून दिल्या असत्या.

टेम्पो आला त्या दिवशी वेणूबाईंनी गाठोडं घरी नेऊन पहिल्यांदा आतलं काढलं, तशी रीतच आहे, आणि मागच्या दारानं रुबिनाच्या हातात ठेवलं. चपला बरोबर मापाच्या निघाल्या. ते माप कुठून गेलं असेल, असं कुणी विचारलं की वेणूबाई सुकटीत डोकं घालतात.

दुपारी रुबिना ऑफिसचा जिना चढून वर आली. पायात जुन्याच चपला होत्या. नव्या पिशवीत, पुडक्यातून पूर्ण बाहेरही न काढलेल्या. ती टेबलाशी उभी राहिली, चाचा आत आहेत का ते बघितलं आणि हळूच लेबल पुढे केलं.

"अतिया, नीट बघ गो. माझ्याच हायत न? मी घालून फिरले आन् परत कोन..."

जिच्या लेबलानं एकदा फसवलं, तिच्याचकडे ही बाई पुन्हा विचारायला आली होती. लॅपटॉपकडे बघायची तिला गरज नव्हती, तरी तिनं तो भाभीकडे वळवला, आणि कार्टनात, मावशींच्या गाठोड्यात, त्याच्याही आत लिहिलेलं ते नाव तिला बोट ठेवून दाखवलं.

"तुमच्याच, भाभी. त्यांनी स्वतः लिहिलंय."

रुबिनानं ते दोनदा वाचलं. मग तिथंच, जिन्याच्या तोंडाशी खाली बसून, जुन्या चपला काढल्या आणि नव्या घातल्या.